बसची पहिली पायरी

या सदरांत आम्ही बहुधा उंबरठ्याच्या आंतल्या गोष्टींविषयीं लिहीत असतों. मुलांचें शिक्षण, घरांतील वडील माणसांची प्रकृति, जमाखर्च, सणवार हे आमचे नेहमींचे विषय. या वेळीं मात्र उंबरठा ओलांडून रस्त्यावर, आणि तेथून बसच्या थांब्यापर्यंत, वाचकांस नेण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय नगरपालिकेचा. त्यांत घरांतील माणसांनीं लक्ष घालण्याचें काय कारण, असें कित्येकांस वाटेल. आम्हांसही गेल्या वर्षापर्यंत तसेंच वाटत होतें. तें वाटणें कसें चुकीचें होतें हें सांगण्यासाठीं प्रथम आमच्याच घरांतील एक गोष्ट, ती आम्हांस भूषणावह नसतांही, सांगणें भाग आहे.

आमच्या आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनीं तीस वर्षें शाळेंत शिक्षिकेचें काम केलें, आणि त्या सर्व काळांत त्या पुण्याच्या बसनेंच गेल्या-आल्या. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारीं आपल्या एका जुन्या मैत्रिणीकडे जाण्याचा नेम त्यांनीं मोडला नाहीं. या बाईंची दृष्टि गेलेली आहे, व त्या घराबाहेर पडत नाहींत. आत्याबाई जाऊन त्यांस ज्ञानेश्वरी वाचून दाखवितात. अंतर आठ किलोमीटरांचें. ग्रंथ, चष्मा आणि पाण्याची बाटली एका कापडी पिशवींत घालून दुपारीं दोन वाजतां त्या निघत, आणि दिवेलागणीस परत येत. या नेमांत घरांतल्या कोणाचीही मदत त्यांस लागत नसे.

एका गुरुवारीं त्या अर्ध्या तासांतच परत आल्या. बस चुकली काय, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "चुकली नाहीं. आली, थांबली आणि गेली. मला चढतां आलें नाहीं."

झालें होतें असें. थांब्यापुढें, पदपथाच्या कांठास लागून, कोणाची तरी मोटार उभी होती. त्यामुळें बसला आंत येतां आलें नाहीं. ती रस्त्याच्या मध्यावरच थांबली. आत्याबाई पदपथावरून खालीं उतरल्या, मोटारीला वळसा घालून बसपाशीं पोंचल्या, आणि दांडा धरून पाय उचलूं लागल्या. रस्त्यावरून ती पायरी त्यांच्या गुडघ्याच्या उंचीस आली. त्यांनीं दोनदां प्रयत्न केला. मागें माणसें खोळंबलीं. "आजी, राहूं द्या, मागून दुसरी येतेच आहे," असें कोणी तरी सहानुभूतीनेंच म्हणालें, आणि त्या बाजूस झाल्या.

इतकें सांगून त्यांनीं पिशवींतील ग्रंथ काढून जागेवर ठेविला. मग आमच्याकडे न पाहतां त्या म्हणाल्या, "अरे, ती मोटार तुझीच होती."

ती आमचीच होती. औषधाच्या दुकानांत पांच मिनिटांचें काम होतें, म्हणून आम्हीं ती तेथें उभी केली होती. गाडीचे चारी दिवे लुकलुकत ठेविले होते, म्हणजे आपण नियम मोडीत आहों हें आम्हांस ठाऊक होतें, व त्याची क्षमाही आम्हीं आगाऊच मागून ठेविली होती. लज्जित होऊन आम्हीं म्हटलें, "आत्याबाई, यापुढें तुम्हांस आम्हीच गाडीनें सोडीत जाऊं." त्यावर त्या म्हणाल्या, "तूं सोडशील रे, पण तुझ्या सवडीनें. बसनें मी माझ्या मनानें जात होतें."

त्यांचें म्हणणें खरें ठरलें. पुढील तेरा गुरुवारांपैकीं पांचच गुरुवार आम्हांस सवड झाली. बाकीचे आठ गुरुवार आत्याबाईंनीं टेलिफोनवरून वाचन केलें. वाचन थांबलें नाहीं. परंतु त्यांच्या मैत्रीण ऐकतां ऐकतां त्यांचा हात धरून बसत असत, तें टेलिफोनवरून कसें साधावें?

यानंतर एका रविवारीं आम्हीं पट्टी घेऊन घरच्या जिन्याची पायरी मोजली. ती साडेसहा इंच भरली. बहुतेक घरांत ती सहा-सात इंचांचीच असते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या जुन्या पद्धतीच्या बसची जमीन रस्त्यापासून सुमारें तीन फूट उंच असते, आणि तिची पहिली पायरी ४०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे जवळ जवळ सोळा इंच असते. पदपथाचा कांठ १५० मिलिमीटरांहून अधिक उंच नसावा असा संकेत आहे. बस या कांठास लागून उभी राहिली तर प्रवासी पदपथावरूनच पाय टाकतो, आणि चढ दहा इंचांवर येतो. म्हणजे आमच्या मोटारीनें त्या पांच मिनिटांत दहा इंचांची पायरी सोळा इंचांची केली. दहा इंच आत्याबाई चढतात. सोळा त्यांस चढवत नाहींत. त्यांचें स्वातंत्र्य या सहा इंचांवर उभें होतें, आणि तें आम्हांस इतक्या वर्षांत एकदांही दिसलें नव्हतें.

आतां अलीकडे खालच्या जमिनीच्या बसगाड्या आल्या आहेत. त्यांत दाराशीं पायऱ्याच नसतात. गाडीची जमीनच रस्त्यापासून ४०० मिलिमीटरांवर असते. कित्येक गाड्या थांब्यावर आल्या म्हणजे एका अंगास किंचित् वांकतात, आणि दाराशीं दुमडून ठेवलेली फळी उलगडली कीं चाकाची खुर्चीही आंत जाऊं शकते. योजना उत्तम आहे. परंतु ही फळी पदपथावर टेकावी अशा हिशोबानें केलेली असते. बस रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली, तर तीच फळी घसरगुंडीसारखी तिरकी पडते, आणि खुर्चींत बसलेल्या मनुष्यास ती उपयोगी पडत नाहीं. लाखों रुपयांची गाडी एका चुकीच्या जागीं ठेवलेल्या मोटारीपुढें हतबल होते, ती अशी.

येथवर आम्हीं वृद्धांच्या व अपंगांच्या सोयीविषयीं लिहिलें. आतां धुराकडे वळूं. हे दोन प्रश्न निराळे आहेत, एक दयेचा व दुसरा शास्त्राचा, अशी समजूत सर्वत्र आढळते. आमच्या मतें हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचा पुरावा स्वयंपाकघरांतल्या जमाखर्चाइतका सोपा आहे.

एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायु हवेंत जातो. डिझेलचा हिशोब लिटरामागें सुमारें २.७ किलोंचा आहे. आमची मोटार शहरांतून लिटरामागें पंधरा किलोमीटर चालते. म्हणजे दर किलोमीटरास दीडशें ग्रॅम वायु होतो. आत्याबाईंस आठ किलोमीटर सोडावयाचें, रिकामें परत यावयाचें, पुन्हां आणावयास जावयाचें, आणि घेऊन यावयाचें, असे एका गुरुवारचे बत्तीस किलोमीटर होतात. त्यांत पेट्रोल दोन लिटरांहून अधिक जळतें, आणि वायु पांच किलोंच्या घरांत जातो. आतां बसचा हिशोब पाहूं. डिझेलवर चालणारी मोठी बस लिटरामागें साडेतीन किलोमीटर गेली असें धरलें, तर तिचा वायु किलोमीटरामागें पाऊण किलोच्या थोडा वर जातो. गाडींत चाळीस माणसें असलीं, तर माणशीं वीस ग्रॅमही येत नाहीं. आत्याबाईंचा जाण्यायेण्याचा सोळा किलोमीटरांचा प्रवास तीनशें ग्रॅमांत होतो. कोठें पांच किलो, आणि कोठें तीनशें ग्रॅम!

परंतु याच हिशोबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच बसमध्यें चारच माणसें असलीं, तर माणशीं किलोमीटरास एकशें नव्वद ग्रॅम होतात, आणि एकट्यानें मोटारींतून जाणारा गृहस्थही बसपेक्षां कमी धूर करतो. यावर कोणी म्हणेल, कीं विजेच्या गाड्या आणल्या म्हणजे प्रश्न सुटला. पुण्यांत अशा गाड्या २०१९ च्या फेब्रुवारीपासून धांवत आहेत, आणि त्यांच्या मागें चालतांना पदर नाकास लावावा लागत नाहीं, हा लाभ थोडा नव्हे. तरी मोठ्या विजेच्या बसला किलोमीटरास सव्वा युनिटाच्या आसपास वीज लागते. आपल्या देशांतील वीज अजून मोठ्या प्रमाणावर कोळशापासून होते, आणि एका युनिटामागें सरासरी सुमारें ०.७ किलो वायु हवेंत जातो. म्हणजे गांवांत धूर दिसला नाहीं, तरी वीजघराच्या धुराड्यांतून किलोमीटरामागें आठशें-नऊशें ग्रॅम निघतातच. जसजशी सूर्याची व वाऱ्याची वीज वाढेल, तसतसा हा आंकडा खालीं येईल. तोंपर्यंत, आणि त्यानंतरही, बसचें पुण्य तिच्या यंत्रापेक्षां तिच्यांत बसलेल्या माणसांवर अधिक अवलंबून आहे. भरलेली बस हवेस तारते. ती भरेल कीं नाहीं, हें पहिल्या पायरीवर ठरतें.

कारण बस सोडून जाणारांचा क्रम पाहा. प्रथम आजी सोडतात, कारण त्यांस चढवत नाहीं. मग कडेवर मूल असलेली आई सोडते. मग रात्रीं थांब्यावर दिवा नसतो, म्हणून तरुण मुली सोडतात. यांना नेण्याआणण्यासाठीं घरांत दुचाकी येते, दुचाकीमागून मोटार येते, आणि एकदां मोटार दारांत आली कीं धडधाकट मनुष्यही तीच काढतो. रस्ता मोटारींनीं भरला म्हणजे बस अडकते, वेळेवर येत नाहीं, आणि राहिलेले प्रवासीही तिला सोडतात. एके काळीं सायकलींचें गांव म्हणून ज्याची ख्याति होती, त्या आमच्या पुण्याचे रस्ते आज दुचाक्यांनीं व मोटारींनीं भरलेले आहेत, त्यास जीं अनेक कारणें झालीं त्यांत हें एक मोठें कारण आहे.

धुराविना चालणारी गाडी ही कांहीं आजची विद्या नव्हे. मुंबईंत १८७४ सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि १९०७ सालीं विजेची. १९२५ च्या फेब्रुवारींत बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धांवूं लागली. देशांतील ती पहिली होय. १९२६ च्या जुलैंत पेट्रोलची बस आली. पुढें मोटारींस वाट हवी म्हणून ट्राम आड येऊं लागली, आणि १९६४ च्या ३१ मार्च रोजीं मुंबईची शेवटची ट्राम बंद झाली. तारेवरून वीज घेणारी ट्रॉली-बस १९६२ सालीं आणिली होती, तीही १९७१ सालीं गेली. जी वस्तु आपण अडगळ म्हणून काढून टाकिली, तिच्याच जातीची वस्तु आज पुन्हां मोठ्या किंमतीनें विकत आणीत आहों. माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घालून पुन्हां दुकानांतून तींच आणणाऱ्या गृहिणीस आपण काय म्हणतों, तें वाचकभगिनींस सांगावयास नको.

पायरीचा प्रश्न ज्यांनीं सोडविला अशीं गांवें जगांत आहेत. ब्राझिल देशांत कुरितिबा नांवाचें शहर आहे. त्यानें १९७४ सालीं बससाठीं रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र वाट राखून ठेविली. तेथील महापौर जेमी लर्नर हे शिल्पकार होते, म्हणजे इमारती बांधणारे. १९९१ सालीं तेथें कांचेच्या नळीसारखे थांबे उभारण्यांत आले. प्रवासी अगोदर पैसे देऊन नळींत शिरतो. नळीची जमीन व बसची जमीन एका पातळीवर असते. बस आली कीं दाराची फळी खालीं पडते, आणि आगगाडीच्या फलाटावरून जावें तसा तो सरळ आंत जातो. चढणें नाहीं, आणि दाराशीं सुट्या पैशांची हुज्जत नाहीं. यामुळें गाडी थांब्यावर फार वेळ खोळंबत नाहीं. म्हणजे जी सोय वृद्धांसाठीं म्हणून करावी, तिनें घाईंत असलेल्या तरुणाचाही वेळ वांचतो.

आपल्या देशांत अहमदाबादेनें २००९ सालीं हीच रीत उचलली. तेथें बसच्या जमिनीच्या उंचीचे ओटे रस्त्याच्या मध्यें बांधले आहेत. त्याच्याही तीन वर्षें आधीं, २००६ सालीं, पुण्यानें स्वारगेट ते कात्रज आणि हडपसर असा बसचा राखीव पट्टा करून पाहिला होता, आणि २०१५ पासून आणखी कांहीं पट्टे झाले. परंतु राखीव वाट राखण्याचें धैर्य आपणांस पुरें पडलें नाहीं. बसच्या वाटेंत मोटारी घुसत राहिल्या, आणि नगर रस्त्यावरील पट्ट्याचा कांहीं भाग २०२३-२४ मध्यें काढूनही टाकण्यांत आला. शेजारणीनें केलेला पदार्थ आपल्या हातून बिघडला, तर दोष नेहमीं पाककृतीचाच असतो असें नाहीं.

सर्वांत आम्हांस आवडलेलें उदाहरण मात्र कोचीचें आहे. तेथें बेटांवर राहणारीं माणसें होडीनें शहरांत येतात. समुद्राच्या भरतीओहोटीनें पाणी वरखालीं होतें, आणि धक्का स्थिर असला तर होडी कधीं त्याच्या वर, कधीं खालीं राहते. म्हातारीं माणसें कोणाचा तरी हात धरून, जीव मुठींत घेऊन, पाय टाकावयाचीं. २०२३ च्या एप्रिलपासून तेथें विजेरीवर चालणाऱ्या नव्या होड्यांची सेवा सुरू झाली, आणि तिच्यासाठीं तरते धक्के करण्यांत आले. पाणी वाढलें कीं धक्काही वर येतो, ओसरलें कीं खालीं जातो. होडीची व धक्क्याची पातळी सदैव एकच राहते. चाकाची खुर्ची सरळ आंत जाते. धूर कमी करणें आणि पायरी काढून टाकणें हीं दोन्ही कामें तेथें एकाच नकाशांत मांडलीं गेलीं. समुद्र ज्यांनीं सांभाळून घेतला, त्यांच्यापुढें आपल्या पदपथाच्या सहा इंचांचें कौतुक तें काय सांगावें!

पुण्यांत २०२२ च्या मार्चपासून मेट्रो आली आहे. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहे, आणि फलाट व डबा एका पातळीवर आहेत. परंतु घरापासून त्या लिफ्टपर्यंत पोंचावयाचें कसें? पदपथावर निर्वेध चालावयास निदान १.८ मीटर रुंदी असावी असें रस्ते बांधणारांच्या मार्गदर्शक ग्रंथांत सांगितलें आहे. आपल्या घरापुढील पदपथ मोजून पाहावा, आणि त्यावर उभ्या असलेल्या दुचाक्या, विजेची पेटी, कुंड्या व पाट्या वजा घालाव्या. बाकी काय उरतें, तें ज्याचें त्यानें पाहावें.

पायरी दगडाचीच असते असेंही नाहीं. भाडें हीसुद्धां एक पायरीच आहे. मुंबईंत बसचें किमान भाडें २०१९ च्या जुलैंत उतरवून पांच रुपयांवर आणण्यांत आलें होतें. २०२५ च्या मे महिन्यांत तें दहा रुपये झालें. आपणांस पांच रुपयांचें कांहीं वाटणार नाहीं. परंतु ज्या बाई चार घरचीं कामें करून दिवसांतून तीन-चारदां बस बदलतात, त्यांस महिन्याकाठीं तें चांगलेंच जाणवतें, आणि मग त्या मधला टप्पा चालत काढतात. दिल्लींत २०१९ पासून, तामिळनाडूंत २०२१ पासून आणि कर्नाटकांत २०२३ पासून स्त्रियांस साध्या सरकारी बसचें तिकीट माफ करण्यांत आलें. यावर टीका पुष्कळ झाली, आणि खर्चाचा प्रश्न खराच आहे. तरी आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईंस महिन्याचा पास आपण काढून द्यावा, एवढें तर सरकारची वाट न पाहतां करतां येण्यासारखें आहे.

कायदा आपल्याकडे नाहीं असें नाहीं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानें बसथांबे, स्थानकें आणि वाहनें त्यांस वापरतां येतील अशीं करण्याचें कर्तव्य सरकारवर घातलें आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणांत तर वाहनें हलविण्यापेक्षां माणसें हलविण्याकडे लक्ष द्यावें असें स्पष्ट म्हटलें आहे. २०११ च्या जनगणनेंत अपंग म्हणून नोंदलेल्या व्यक्ति २ कोटि ६८ लक्ष होत्या, आणि साठीच्या पुढील माणसें दहा कोटींहून अधिक. आज हे आंकडे वाढलेलेच असणार, कारण आपण सर्वच त्या दुसऱ्या यादीकडे चालत आहों.

मग अडतें कोठें? येथें आम्हांस आपल्या वाचकवर्गाविषयीं, म्हणजे स्वतःविषयींच, एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, तेव्हां एका बांकावर कोण कोणाशेजारीं बसणार, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपैकीं पुष्कळांस मोठा वाटत असे. गाडीनें तिकिटाशिवाय कोणास कांहीं विचारलें नाहीं, आणि तें सोवळें हळूहळू सैल झालें. आज आम्ही त्या गोष्टी हंसत हंसत सांगतों. परंतु कांचा वर करून, थंड हवा लावून, एकट्यानें मोटारींतून जातांना बाहेरच्या गर्दीविषयीं जें आमच्या मनांत येतें, तें त्या सोवळ्याहून फारसें निराळें आहे काय? बसमध्यें आपल्या घरची स्वयंपाकीण, भाजीवाली, कचेरींतला शिपाई आणि महाविद्यालयांतील प्राध्यापक एकाच दांड्यास धरून उभे असतात. बस सुधारावी असें सर्वांसच वाटतें. परंतु सुधारणा करून घेण्याइतका आवाज ज्यांचा चालतो, ते तिच्यांत बसत नाहींत. आम्हीं बस सोडली तेव्हां आमची एकट्याची जागा रिकामी झाली असें नव्हे. बससाठीं तक्रारअर्ज लिहूं शकणारा एक मनुष्य कमी झाला.

आपलें अंगण झाडून कचरा रस्त्यावर लोटणें हें कोणतीही चांगली गृहिणी करणार नाहीं. धुराचेंही तसेंच समजावें. यासाठीं घरोघर करतां येण्याजोग्या चार गोष्टी आम्ही सुचवितों. पहिली ही, कीं थांब्यापुढें, पदपथावर व पदपथाच्या उतारावर आपलें वाहन एक क्षणही उभें करूं नये, आणि आपल्या घरीं येणाऱ्या पाहुण्यांसही तसें करूं देऊं नये. दुसरी, महिन्याच्या हिशोबाच्या वहींत पेट्रोलाचे रुपये लिहितांना लिटरही लिहावे, आणि त्यांस २.३ नें गुणून त्यापुढें किलो मांडावे. वर्षाअखेर ती बेरीज घरांतील मुलांनाच करावयास सांगावी. तिसरी, आठवड्यांतून निदान दोन दिवस कर्त्या माणसानें बसनें कामावर जावें, आणि दहा वर्षांपुढील मुलांस बसचे मार्ग शिकवावे. जी मुलें बसमध्यें बसलींच नाहींत, त्यांस ती पुढें कशी आपली वाटेल? चौथी, आपल्या वाड्यांतील किंवा सोसायटींतील सर्वांत वृद्ध व्यक्तीबरोबर थांब्यापर्यंत एकदां चालत जावें, वाटेंत जेथें जेथें त्या थांबतील तेथें तेथें खूण करावी, आणि त्या खुणांची यादी जोडून नगरसेवकांस सह्यांचा अर्ज द्यावा. मोघम तक्रारीपेक्षां मोजून मापून लिहिलेल्या अर्जास उत्तर देणें भाग पडतें.

हें शेवटचें आम्हीं करून पाहिलें. आत्याबाईंबरोबर घरापासून थांब्यापर्यंत गेलों. अंतर अवघें तीनशें पावलांचें. त्यांत अकरा ठिकाणीं त्या थांबल्या. थांब्यापाशीं पोंचलों, तों तेथें एक मोटार उभी होती. चारी दिवे लुकलुकत होते. आंतील तरुण गृहस्थास आम्हीं विनंति केली. तो सभ्यपणें म्हणाला, "काका, पांचच मिनिटें." आम्हीं त्यास आमची गोष्ट सांगितली. त्यानें एकवार आत्याबाईंकडे पाहिलें, आणि गाडी पुढें घेतली.

बस आली, आंत वळून पदपथास लागली. आत्याबाईंनीं दांडा धरला आणि त्या चढल्या. आम्हीही मागोमाग चढूं लागलों, तेव्हां वरून वळून त्या म्हणाल्या, "तूं कशाला येतोस? मी जाईन कीं." तरी आम्ही गेलोंच. पुष्कळ वर्षांनीं बसमध्यें बसत होतों. तिकीट कितीचें काढावयाचें, हें आत्याबाईंनींच आम्हांस सांगितलें.

अर्ज दिला आहे. त्याचें काय होतें, तें वाचकांस याच सदरांत कळवूं. तोंपर्यंत ज्यांनीं ज्यांनीं आपला पदपथ मोजला असेल, त्यांनीं तीं मापें आम्हांस अवश्य लिहून पाठवावीं.